क्यासनूर वनज्वर (माकडताप)

गोचिडीच्या चाव्यातून पसरणारा, पश्चिम घाटाच्या जंगलपट्ट्यातला विषाणुजन्य ताप. कन्नड मुलखात त्याला ‘मंगन कायिले’ आणि सिंधुदुर्गात व गोव्यात ‘माकडताप’ म्हणतात. त्याचा विषाणू डेंग्यू आणि पीतज्वराच्या कुळातला, पण डासांऐवजी गोचिडींवर जगणाऱ्या शाखेतला आहे. माणूस आजारी पडतो, वानरे-माकडे मोठ्या संख्येने मरतात आणि गुरांना त्याचा पत्ताही लागत नाही. एकाच विषाणूला तीन शरीरे इतका वेगवेगळा प्रतिसाद देतात, म्हणून या रोगाचे संशोधन नुसत्या रुग्णाच्या खाटेपाशी बसून कधीच पुढे सरकले नाही.

१९५७च्या मार्चमध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरून पडत असल्याची बातमी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात पोहोचली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२मध्ये उभारलेले हे केंद्र आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. जंगलात माकडे मरतात आणि गावात माणसे तापतात, हे चित्र पीतज्वराचे होते. भारतात कधीच न आलेला तो रोग अखेर आला की काय, या धास्तीने केंद्रातले टेलफर्ड वर्क, हॅरल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे सहकारी तातडीने तिकडे गेले. मेलेल्या माकडांतून आणि रुग्णांच्या रक्तातून विषाणू वेगळा काढल्यावर तो निराळाच निघाला. त्याचे जवळचे नाते रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराशी जुळत होते. पहिल्या वर्षी ४६६ रुग्ण नोंदले गेले.

या रशियन नात्याने दोन वाटा दाखवल्या आणि दोन्ही फसव्या निघाल्या. सैबेरियाकडून हिवाळ्यात येणारे पक्षी अंगावरच्या गोचिडींसह हा विषाणू घेऊन आले असावेत, ही पहिली शंका. ती तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. पक्ष्यांनी रोग आणल्याचा पुरावा मिळाला नाही. भारतातल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाचा पाया मात्र एका तापामुळे घातला गेला. दुसरी वाट लसीची. नातेवाईक विषाणूवरची तयार लस इथेही चालेल, या आशेने रशियन मेंदूज्वराची लस शिमोग्यात देऊन पाहिली गेली. तिने संरक्षण दिले नाही. एका विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड (संसर्गानंतर रक्तात तयार होणारी बचावाची प्रथिने) प्रयोगशाळेत दुसऱ्या विषाणूलाही ओळखतात, एवढ्यावरून शरीर रोगापासून वाचेल असे गृहीत धरता येत नाही, हे तेव्हा महागात शिकावे लागले.

विषाणूचा मुख्य वाहक ‘हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ ही गोचीड. अंड्यातून निघाल्यावर तिच्या अळी, निम्फ आणि प्रौढ अशा तीन अवस्था होतात आणि प्रत्येक अवस्थेत ती वेगळ्या प्राण्याचे रक्त पिते. अळीने पकडलेला विषाणू निम्फमध्ये तसाच टिकतो. पावसाळा संपला की अळ्या दिसू लागतात आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत निम्फांचा सुकाळ असतो. माणसाला चावतात ते प्रामुख्याने हे निम्फ, म्हणून रोगाचा हंगाम डिसेंबर ते मे. नेमक्या याच दिवसांत कोकणात भाजावळीसाठी (पेरणीआधी जमीन भाजण्यासाठी) कवळ म्हणजे झाडांच्या पानांसह फांद्या तोडतात, पातेरा म्हणजे गळलेला पाला गोळा करतात आणि काजूच्या बागेत बिया वेचतात. निम्फांची वस्तीही त्याच पातेऱ्यात असते.

काळतोंडे वानर आणि टोपीवाले लालतोंडे माकड यांच्या शरीरात विषाणू झपाट्याने वाढतो. रक्तात तो इतका भरतो की चावणारी प्रत्येक गोचीड त्याने लादली जाते. वानर मरून पडले की थंड होणाऱ्या शरीरावरून गोचिडी उतरतात आणि झाडाखालची ती जागा धोक्याची होते. माणसाच्या रक्तातही विषाणू बरेच दिवस आढळतो, पण माणसाकडून माणसाला रोग लागत नाही; साखळी तिथे तुटते. गुरांमध्ये प्रतिपिंड तयार होतात, विषाणू मात्र रक्तात फारसा टिकत नाही. म्हणजे विषाणूच्या दृष्टीने गाय कुचकामी, पण गोचिडीसाठी ती अन्नछत्र: प्रौढ माद्या गुरांवर पोट भरून हजारो अंडी घालतात. पीतज्वराचा अनुभव घेऊन कोलंबियातून आलेले जॉर्ज बोशेल यांनी १९६९मध्ये हाच धागा पकडला. जंगल तोडून शेती वाढली, रानाच्या कडेला गुरे चरू लागली आणि गोचिडींची संख्या फुगली, हे त्यांचे निदान आजही सर्वांत पटणारे आहे. दक्षिण कन्नडमध्ये काजू लागवडीसाठी जंगल साफ केल्यानंतर १९८३च्या सुमारास आलेली साथ या रोगाच्या सर्वांत मोठ्या साथींपैकी एक होती.

चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी ताप एकाएकी चढतो. डोके आणि अंग असह्य दुखते, डोळे लाल होतात, उलट्या होतात, काहींना नाका-हिरड्यांतून रक्त येते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि बिंबिका (प्लेटलेट) घटतात. काही रुग्णांना आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि या दुसऱ्या फेरीत मेंदूची लक्षणे दिसू शकतात. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३ ते ५ टक्के. नेमके औषध नाही. पाणी, विश्रांती आणि रक्तस्रावावर लक्ष हाच उपचार. सिंधुदुर्गात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि डेंग्यूची ओळख जुनी असल्याने सुरुवातीला घोटाळा होतो, पण ते बहुधा पावसाळ्याचे पाहुणे. भर उन्हाळ्यात बागेतून आलेला तापाचा रुग्ण दिसला, तर डॉक्टरने आधी माकडतापाची शंका घ्यावी.

पहिल्या आठवड्यात आरटी-पीसीआर चाचणीने विषाणूच सापडतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून आयजीएम हे सुरुवातीचे प्रतिपिंड दिसू लागतात आणि काही महिने टिकतात. आयजीजी हे नंतरचे प्रतिपिंड त्याहून कितीतरी जास्त काळ राहतात. विषाणूचे एनएस५ हे प्रथिन शरीराच्या इंटरफेरॉन या पहिल्या बचावफळीला अडथळा करते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. हे काम जोखमीचे आहे. सुरुवातीच्या काळात प्रयोगशाळेतल्या माणसांनाच संसर्ग झाले होते. पुण्यात २०१२मध्ये सर्वोच्च जैवसुरक्षा पातळीची प्रयोगशाळा सुरू झाल्यावर या संशोधनाने पुन्हा वेग घेतला.

लसीची कथा मात्र उत्साहवर्धक नाही. कोंबडीच्या गर्भपेशींत वाढवून फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची लस १९९०पासून वापरात आली. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, सहा ते नऊ महिन्यांनी एक वाढीव मात्रा आणि पुढे दरवर्षी पुन्हा टोचणी, असा तिचा क्रम. सुरुवातीच्या क्षेत्रचाचणीत दोन मात्रांचे संरक्षण ९३ टक्क्यांच्या घरात दिसले होते. २००५ ते २०१०च्या आकडेवारीत ते सुमारे ६२ टक्क्यांवर आले आणि वाढीव मात्रेसह ८३ टक्क्यांपर्यंत गेले. सुई दुखते, फेऱ्या अनेक, आणि रोजंदारी बुडवून दरवर्षी यायचे. लोकांनी पाठ फिरवली यात नवल नाही. २०२२मध्ये तिचा वापर थांबला.

दरम्यान रोगाने शिमोगा केव्हाच सोडले होते. २०१२-१३पासून तो तमिळनाडूच्या निलगिरीत आणि केरळच्या वायनाडमध्ये आढळला, २०१५मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, तर २०१६मध्ये सिंधुदुर्गच्या दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. पुढच्या हंगामात सावंतवाडीकडच्या बांदा परिसरात रुग्ण सापडले. विषाणू नव्याने तिकडे गेला की आधीपासूनच असून फक्त आता ओळखला गेला, याचा निर्णय सोपा नाही. १९५०च्या दशकातच कच्छ आणि सौराष्ट्रातल्या लोकांच्या रक्तात या गटाचे प्रतिपिंड सापडले होते आणि तिथे हा ताप कोणाला ठाऊक नव्हता.

सध्या भारतात नव्या निष्क्रिय (मारलेल्या विषाणूच्या) लसीवर काम चालू आहे. अमेरिकेत दुसऱ्या एका विषाणूच्या सांगाड्यावर बसवलेल्या लसीच्या एकाच मात्रेने माकडांचा बचाव केल्याचे २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर हाताशी आहे ते जुनेच: मेलेल्या वानराला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवणे, त्या जागेभोवती कीटकनाशक भुकटी टाकणे, रानात जाताना गोचिडींना दूर ठेवणारे ‘डेपा’ तेल लावणे, अंग झाकणारे कपडे घालणे आणि घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे धुणे. गुरांवरच्या गोचिडींचा बंदोबस्त या यादीत असतो, पण त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.