माझी फास्ट, माझा फास्ट

अंगारकीच्या सकाळी ठाण्याच्या फलाटावर "माझी फास्ट चुकली" आणि "आज माझा फास्ट आहे" ही दोन्ही वाक्यं एकाच घोळक्यात ऐकू येतात. पहिलं लोकलबद्दल, दुसरं उपवासाबद्दल, आणि कोणाचाच गोंधळ होत नाही. मराठीने इंग्रजी शब्द घेताना त्याला दोन लिंगं दिली. गाडी ती, म्हणून तिची फास्ट ती. उपवास तो, म्हणून फास्टही तो. स्पॅनिशमध्येही लिंग असंच अर्थ वेगळे करतं: 'ला कापिताल' म्हणजे राजधानी, 'एल कापिताल' म्हणजे भांडवल.

इंग्रजी नामांना असं लिंग नाही. तिथे 'फास्ट'चा अर्थ शेजारच्या शब्दांवरूनच ओळखायचा, आणि स्पॅनिशमध्ये नेताना प्रत्येक अर्थासाठी निराळा शब्द शोधायचा. वेगवान गाडी 'रापिदो', उपवास 'आयुनो', पुढे गेलेलं घड्याळ 'आदेलान्तादो'. 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपलेला, तर तिथे 'प्रोफुन्दामेन्ते', म्हणजे खोलवर. आणि कापडाचा रंग 'फास्ट' असेल, तर स्पॅनिश माणूस त्याला 'सोलिदो' म्हणतो. आपण म्हणतो, पक्का.

या पक्केपणाशी मुंबईचं जुनं नातं आहे. माटुंग्याची आजची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ साली सुरू झाली, तेव्हा गिरण्यांच्या या शहरात वस्त्ररसायन हा तिथला एक मुख्य विषय होता. रंग पक्का म्हणजे नेमकं काय? रिॲक्टिव्ह रंग १९५६ मध्ये बाजारात आले. त्यांचे रेणू सुती धाग्यातल्या सेल्युलोजशी थेट रासायनिक बंध जोडतात, म्हणून ते धुण्यात सहज सुटत नाहीत. धुतल्यावर रंग किती टिकला याला १ ते ५ अशी श्रेणी देतात, ५ सगळ्यात चांगली.

मूळ जुन्या इंग्रजीत 'फास्ट'चा अर्थ हाच होता: घट्ट, न हलणारा. मग तोच शब्द वेगाकडे कसा गेला? घट्ट म्हणजे जोर लावून. जोर लावून धावणं म्हणजे वेगाने धावणं. 'गाडी जोरात चालव' म्हणताना मराठीनेही हीच वाट धरली आहे. उपवासही त्याच मुळातून आला, नियम घट्ट धरून ठेवणं. आपणही चतुर्थी धरतोच की! इंग्रजीतला 'ब्रेकफास्ट' आणि स्पॅनिशमधला 'देसायुनो', दोन्हींचा मूळ अर्थ उपवास सोडणं.

इतके अर्थ असताना मेंदू योग्य तोच कसा निवडतो? भाषा आणि मनाचे अभ्यासक डेव्हिड स्विनी यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार सुंदर वाटतो. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडाही आणि चोरून ऐकायचा मायक्रोफोनही. लोकांना कोळी, झुरळं आणि इतर 'बग' सापडल्याचं वाक्य ऐकवलं. 'बग' कानावर पडताच पडद्यावर एखादा शब्द दाखवला. 'मुंगी' तर लोकांनी झटकन ओळखलाच, पण 'हेर'ही तितक्याच झटकन ओळखला. वाक्य उघडउघड किड्यांचं असूनही! फक्त तीन अक्षरं पुढे गेल्यावर मात्र 'हेर'चा तो फायदा संपला होता. म्हणजे मेंदू आधी दोन्ही अर्थ जागे करतो, आणि नको असलेला इतक्या लवकर बाजूला सारतो की आपल्याला पत्ताही लागत नाही.

यंत्रांना हे जमायला दशकं लागली. १९४९ मध्ये अमेरिकन गणितज्ञ वॉरन वीव्हर यांनी यंत्राकडून भाषांतर करून घेण्यावर एक टिपण लिहिलं आणि त्यात उदाहरण घेतलं ते नेमकं 'फास्ट'चं. एकच शब्द दिसेल एवढ्या भोकातून पुस्तक वाचलं, तर 'फास्ट' म्हणजे वेगवान की अचल हे कळणारच नाही. भोक रुंद करा, शेजारचे काही शब्द दिसू द्या, मग कळेल. यंत्रासाठी शब्द आकड्यांत मांडण्याच्या, २०१३ च्या सुमारास गाजलेल्या पद्धतीतही प्रत्येक शब्दाला आकड्यांची एकच ओळ मिळायची. वेग, उपवास आणि पक्का रंग, सगळे त्यातच कोंबलेले. २०१७ नंतरच्या ट्रान्सफॉर्मर मॉडेलांमध्ये, म्हणजे वाक्यातले सगळे शब्द एकमेकांशी ताडून पाहणाऱ्या संगणकी प्रणालींमध्ये, 'फास्ट' जितक्या वेळा येतो, तितक्या वेळा शेजारच्या शब्दांवरून त्याची आकड्यांची ओळ नव्याने काढली जाते.

म्हणून स्पॅनिश भाषांतर हवं असेल, तर मोबाइलमध्ये एकटा शब्द टाकू नका, पूर्ण वाक्य टाका. रंगाबद्दल विचारायचं असेल, तर त्याच वाक्यात धुण्याचाही उल्लेख असू द्या.