आपल्या शिकारी रायफलचा बोअर .३१५ का?

पोलिसाच्या खांद्यावरची थ्री-नॉट-थ्री, म्हणजे .३०३ बोअरची (नळीचा आतला व्यास, इंचांत) रायफल सगळ्यांच्या ओळखीची. परवान्यावर मिळणारी देशी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल मात्र .३१५. बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे रेटून खाली पाडायची. सगळं इंग्रजी फौजेच्या त्याच .३०३ ली-एनफिल्डच्या घराण्यातलं. फरक बोअरचा, तोही नावाला इंचाच्या बारा सहस्रांश.

हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. १८५७ चा धसका इंग्रजांनी कधी सोडला नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची सक्ती आली. पुढे लष्करी बोअरच खासगी हातांत नको, असं ठरलं. छावणीतून काडतुसं पळवली तरी ती घरच्या रायफलीत बसता कामा नयेत, एवढा साधा हिशेब. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० बोअरवरही अशीच बंदी आली आणि विलायती बंदूकवाल्यांना नवे बोअर काढावे लागले.

बर्मिंगहॅमच्या बीएसए या बंदूक कंपनीने मग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं ८ मिलिमीटर मॅनलिशर काडतूस आपल्या ली रायफलीत बसवलं. इंग्रजी फौजेत ते नव्हतंच. हेच आपलं .३१५.

बंदीतून सुटायची दुसरी वाट जर्मन माउजरची. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये जिम कॉर्बेटना बक्षीस मिळाली ती रिग्बी या विलायती बंदूकवाल्याची .२७५, डोंगर चढताना न जाचणारी हलकी रायफल. तिचं काडतूस मुळात ७ मिलिमीटर माउजरचं. दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या ‘बोअर’ शेतकऱ्यांनी युद्धात इंग्रजांवर झाडलं होतं तेच! पण बंदी इंग्रजांच्या स्वतःच्या फौजेच्या बोअरला होती, शत्रूच्या नव्हे.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, तरी .३०३ निषिद्धच राहिला आणि बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यातून .३१५ निघू लागली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार गेली. रायफलीच्या नावात तेवढं ‘स्पोर्टिंग’ उरलं. पीकराखणीसाठी कायद्याने सोय ठेवली आहे ती ठासणीच्या बंदुकीची. २०१९ च्या दुरुस्तीने माणशी तीन शस्त्रांची मर्यादा दोनवर आणली.

.३१५ चं देशी काडतूस उलटं धरलं की बुडाच्या पितळेवर ‘केएफ’ ही अक्षरं दिसतात. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपल्या पुण्याच्या खडकीतला १८६९ चा दारूगोळा कारखाना. उत्तर प्रदेश-बिहारात पकडल्या जाणाऱ्या कितीतरी गावठी कट्ट्यांचा बोअरही .३१५ च असतो, कारण बाजारात मिळणारं काडतूस हेच.