'थंड' म्हणजे नेमकं काय? ऑस्ट्रेलियन शार्डोनेच्या बदललेल्या चवीची पार्श्वभूमी

काडेपेटीवर काडी ओढली की ज्योत धरण्याआधी गंधकाचा एक झणका नाकात जातो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या यारा व्हॅलीच्या वरच्या, डोंगराकडच्या भागातली शार्डोने, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षवाणाची पांढरी वाइन, पेल्यात ओतली की बहुतेक वेळा आधी तोच वास येतो. मिनिटभर थांबलं की मागून पपनसाची फोड येते, तिच्यावरच्या पांढऱ्या सालीचा किंचित कडवटपणा आणि भिजवून सोललेल्या बदामाचा वासही. घोट गिळून झाला तरी जिभेच्या कडांना लाळ सुटत राहते. लोण्याचा वास नाही, व्हॅनिला नाही. चाळीस वर्षांपूर्वी याच देशातून, याच वाणाची जी वाइन जगभर गेली तिच्यात नेमकी हीच दोन लक्षणं होती. मधल्या काळात काय घडलं ते समजल्याशिवाय आजच्या बाटलीची पारख करता येत नाही.

जुना भाग थोडक्यात. हा वाण १८३० च्या दशकात युरोपातून आणलेल्या काड्यांबरोबर न्यू साउथ वेल्समध्ये आला आणि नंतर शंभराहून अधिक वर्षं जवळजवळ बेनाम राहिला. तिथल्याच मजी गावाजवळच्या जुन्या बागांत तो भलत्याच नावाखाली उभा होता. हंटर व्हॅलीतून १९७१ च्या हंगामाची शार्डोने बाजारात आली तीही 'पिनो शार्डोने' म्हणून. हा पिनो या जुन्या द्राक्षवाणाचाच एक प्रकार असावा, असा तेव्हा समज होता. पिनो हा त्याच्या दोन पालकांपैकी एक आहे, हे १९९९ मध्ये डीएनए तपासणीतून कळलं. यारा व्हॅलीची गोष्ट तर आणखी तुटक आहे. १८३८ साली तिथे पहिली लागवड झाली, १९३० च्या दशकापर्यंत बागा उठून तिथे दुभती जनावरं चरू लागली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस लोक वेली घेऊन परत आले.

१९८० च्या दशकातली भरभराट मात्र या डोंगराळ भागांच्या जिवावर झाली नाही. ती झाली आतल्या उष्ण, कालव्याच्या पाण्यावरच्या सपाट मुलखात. तिथे साखर भराभर चढते, टनेज भरघोस मिळतं. पिंपाऐवजी टाकीत ओक लाकडाच्या चिपा टाकल्या, मॅलोलॅक्टिक (तिखट मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करणारं दुसरं आंबणं) पूर्ण होऊ दिलं की लोणी आणि व्हॅनिला आपोआप येतात. ब्रिटनच्या सुपरमार्केटांनी ती सोनेरी वाइन डोक्यावर घेतली. पुढे तीच अंगाशी आली. १९९० च्या दशकात 'शार्डोने सोडून काहीही द्या' असं म्हणणाऱ्यांची फॅशनच आली आणि पुढे खुद्द ऑस्ट्रेलियातही गिऱ्हाईक न्यूझीलंडच्या सोविन्यों ब्लाँ या दुसऱ्या पांढऱ्या वाइनकडे वळलं.

या पेचातून सुटण्यासाठी जो शब्द पुढे आला तो म्हणजे 'कूल क्लायमेट', थंड हवामान, आणि गोंधळ सुरू होतो तो इथून.

तिथल्या द्राक्षशास्त्रात थंडी मोजायची एक सरळ पद्धत रूढ आहे, ती म्हणजे जानेवारीचं सरासरी तापमान. दक्षिण गोलार्धात जानेवारी भर उन्हाळ्याचा. ही सरासरी १९ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर प्रदेश थंड, १९ ते २१ असेल तर उबदार, त्याच्या वर उष्ण. या फूटपट्टीने टास्मानिया थंड ठरतो, व्हिक्टोरियातलं मॅसिडन रेंजेसही. पण पश्चिम किनाऱ्यावरचं मार्गारेट रिव्हर, जिथली शार्डोने देशातल्या सर्वोत्तमांत गणली जाते, ते उबदार गटात जातं. तरीही दुकानात आणि लेखांत ते सर्रास 'थंड' म्हणून खपतं. खुद्द यारातही एकच उत्तर नाही. खोऱ्याच्या तळाशी समुद्रसपाटीपासून जेमतेम ५० मीटरवर बागा आहेत, वरच्या भागात ४०० मीटरपर्यंत. दोन्हींच्या लेबलवर नाव एकच. बाटलीवर 'यारा व्हॅली' छापायचं तर ८५ टक्के द्राक्षं तिथली असावी लागतात. 'कूल क्लायमेट' छापायला मात्र असा कुठलाच आकडा लागत नाही.

त्यामुळे हा शब्द हळूहळू तापमापकावरून उतरून चवीला चिकटला. सडपातळ, आंबट, काडेपेटीच्या वासाची वाइन म्हणजे थंड प्रदेशातली, असं समीकरण झालं. ही चव बऱ्याच अंशी हाताने घडवता येते, हे त्यात झाकलं गेलं. घड न फोडता अख्खे दाबायचे, रस निथळू न देता गढूळच ५०० लिटरच्या फ्रेंच पिंपात भरायचा, बाहेरचं यीस्ट न घालता आंबू द्यायचा. पोषण कमी पडलेलं यीस्ट गंधकाची संयुगं तयार करतं, त्यातूनच तो काडीचा झणका येतो. थंडावा आणि सल्फर वापरून मॅलोलॅक्टिक अडवलं की लोण्याचा वास येत नाही. उरला आंबटपणा, तर काढणी दोन आठवडे अलीकडे घ्यायची. २००५ नंतरच्या काही वर्षांत बऱ्याच जणांनी हेच केलं, स्पर्धांतून त्यांना पदकंही मिळाली आणि २०१० च्या आसपास 'आता ही वाइन उपाशी दिसायला लागली' अशी टीका देशातूनच सुरू झाली.

ही टीका मला रास्त वाटते. आपल्याकडच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, साखर भरायच्या आधी तोडलेला घड आंबट लागतोच, पण तो आंबटपणा कोरा असतो, त्यामागे गर बोलत नाही. खऱ्या थंड जागी गोष्ट वेगळी घडते. रात्री गार असल्याने मॅलिक आम्ल जळून जात नाही, त्यामुळे घड वेलीवर आणखी काही आठवडे ठेवता येतो. साखर सावकाश चढते आणि तोवर वासही पिकतो. आंबटपणा आणि गर एकाच मण्यात सापडतात. काडेपेटीचा वास चांगल्या वाइनमध्ये असू शकतो, पण तो जागेचा पुरावा नाही. अर्ध्या तासाने तो विरल्यावर पेल्यात काय उरतं, ते बघायला हवं.

मार्गारेट रिव्हरला 'थंड' म्हणून तिचं खरं बळही झाकलं जातं. तिथे मुख्यतः शार्डोनेची 'जिनजिन' नावाची निवडून वाढवलेली वेल लावलेली आहे. तिच्या एकाच घडात टपोरे आणि बारीक मणी शेजारीशेजारी असतात. नाशिककडे ज्यांना शॉट बेरी म्हणून घड नाकारतात, तसेच. इथे मात्र त्या बारीक मण्यांमुळे सालीचं प्रमाण वाढतं आणि वाइनला जो भरीवपणा येतो तो कमावलेला असतो.

आणखी एक निर्णय कमी गाजला, पण टिकाऊ ठरला. २००० च्या हंगामात दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीत रीसलिंग ही पांढरी वाइन करणाऱ्यांनी बुचाऐवजी फिरकीचं झाकण स्वीकारलं, शार्डोनेवाले मागोमाग आले. दहा वर्षांनी उघडलेली बाटली आज ताजी निघते, त्याचं बरंचसं श्रेय या झाकणाला आहे.

दरम्यान थंडीचा नकाशाच सरकतोय. ७ फेब्रुवारी २००९ रोजी मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर गेला आणि त्याच दिवशीच्या वणव्यांनी याराच्या कडा जाळल्या. डिसेंबर २०१९ मध्ये ॲडिलेड हिल्स हा दुसरा डोंगराळ वाइन प्रदेश पेटला, जानेवारी २०२० मध्ये न्यू साउथ वेल्समधला तुंबारुंबा. धुराचे अंश सालीत साठतात. पांढऱ्या वाइनमध्ये साल लगेच वेगळी होते म्हणून शार्डोने काही प्रमाणात वाचते, तरी तुंबारुंबात त्या हंगामाचं पीक मोठ्या प्रमाणावर गेलं. मुख्य भूमीवरच्या मोठ्या कंपन्या केव्हाच टास्मानिया बेटाकडे वळल्या आहेत आणि तिथली द्राक्षं बास सामुद्रधुनी ओलांडून येतात.

नुसत्या उंचीने थंडी येत नाही, हे आपल्याला घरबसल्या पडताळता येतं. ऑस्ट्रेलियातल्या ऑरेंज या वाइन विभागाची हद्दच ६०० मीटर उंचीच्या रेषेवर आखली आहे. नाशिकही जवळपास तितक्याच उंचीवर आहे, पण २० अक्षांशावर. वेल तिथे हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून वर्षातून दोन छाटण्या घ्याव्या लागतात आणि काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे यारात घड उतरतात त्याच सुमाराला येते. 

२९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारात ५ अमेरिकी डॉलरच्या वरच्या बाटलीवरचं १५० टक्के आयातशुल्क आधी १०० वर आलं, दहा वर्षांत ते ५० वर यायचं आहे. १५ डॉलरच्या वरच्या बाटलीवर ते ७५ टक्के झालं, आणि पुढे २५ होणार आहे. डोंगरातली चांगली शार्डोने बहुतेक या दुसऱ्या गटात बसते. राज्याचा अबकारी कर त्यावर वेगळा.