ट्रान्सपायलर आणि पॉलिफिल : जुन्या ब्राउझरमध्ये कोड नेमका कुठे अडतो?

बिल्ड बिनतक्रार होतं, सेटिंगमध्ये बेबेल (नवा जावास्क्रिप्ट कोड जुन्या रूपात बदलणारं टूल) आहे, तरी जुन्या सफारीत पान कोरंच राहतं. ‘बेबेल आहे म्हणजे जुन्या ब्राउझरची सोय झाली’ हा समज इथे नडतो. नवा कोड जुन्या ब्राउझरवर चालवायचा तर दोन वेगळी कामं करावी लागतात. ट्रान्सपायलर कोडचा सिंटॅक्स बदलून जुन्या धाटणीचा करतो. पॉलिफिल ब्राउझरमध्ये नसलेलं फंक्शन किंवा ऑब्जेक्ट तिथे आणून बसवतं. पहिलं काम तुमच्या मशिनवर बिल्डच्या वेळी होतं, दुसरं वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, पान उघडताना.

ही विभागणी का, ते इंजिनच्या कामाच्या पद्धतीत आहे. जावास्क्रिप्ट इंजिन फाइल चालवण्याआधी ती सगळी वाचून घेतं आणि वाचताना न समजणारी रचना आली की अख्खी फाइल नाकारतं. ऑप्शनल चेनिंगचं (डावीकडे काहीच नसलं तर न पडता थांबणारं) ‘?.’ घ्या. ते क्रोम ८०, फायरफॉक्स ७४ आणि सफारी १३.१ पासून चालतं. सफारी १२ मध्ये ते फाइलच्या अगदी शेवटच्या ओळीत असलं, तरी पहिली ओळसुद्धा चालत नाही. त्याभोवती ‘इफ’ किंवा ‘ट्राय-कॅच’ लावून उपयोग नाही, कारण तो ‘इफ’ही त्याच फाइलमध्ये आहे. म्हणून ‘?.’ ब्राउझरपर्यंत पोहोचताच कामा नये. ट्रान्सपायलर त्याच्या जागी नल आणि अनडिफाइन्ड तपासणारी साधी अट लिहून ठेवतो.

आता अ‍ॅरेची ‘अ‍ॅट’ मेथड पाहा; ती दिलेल्या क्रमांकाचा घटक देते. सपोर्ट क्रोम ९२, फायरफॉक्स ९० आणि सफारी १५.४ पासून. पण सिंटॅक्स म्हणून तिच्यात नवं काहीच नाही : टिंब, नाव, कंस. जुना ब्राउझर ती ओळ निमूट वाचतो, कोड चालू करतो आणि त्या ओळीवर आल्यावर पडतो. ट्रान्सपायलर इथे हात लावत नाही, कारण टिंबाच्या डावीकडे खरोखर अ‍ॅरे आहे की ‘अ‍ॅट’ नावाची मेथड असलेलं तुमचंच एखादं ऑब्जेक्ट, हे त्याला फाइल वाचून खात्रीने कळत नाही.

त्यामुळे निदानाची सुरुवात कन्सोलपासून करावी. सिंटॅक्सएरर दिसली तर ट्रान्सपायलरकडे बघा. ‘इज नॉट अ फंक्शन’ म्हणणारी टाइपएरर किंवा ‘इज नॉट डिफाइन्ड’ म्हणणारी रेफरन्सएरर आली आणि तोच कोड नव्या ब्राउझरमध्ये चालत असेल, तर बहुधा पॉलिफिल राहिलं आहे. एक फसवा प्रकार मात्र ओळखून ठेवा : सिंटॅक्सएरर पहिल्याच ओळीवर ‘<’ या चिन्हाबद्दल तक्रार करत असेल, तर ब्राउझर निर्दोष असतो. फाइल सापडली नाही म्हणून सर्व्हरने स्क्रिप्टच्या जागी एचटीएमएल पान पाठवलेलं असतं.

गोंधळ वाढतो तो दोन्ही लागतात तिथे. असिंक-अवेट जुन्या सिंटॅक्समध्ये उतरवलं की शब्द जातात, पण तयार झालेल्या कोडला प्रॉमिस लागतंच. ‘#’ लावलेली प्रायव्हेट फील्ड्स सहसा वीकमॅपच्या आधारे उतरवली जातात. ‘फॉर-ऑफ’ला सिम्बॉल लागतो. प्रॉमिस, वीकमॅप, सिम्बॉल ही तिन्ही ब्राउझरमध्ये असावी लागतात. म्हणजे ट्रान्सपायलर सिंटॅक्सची अडचण सोडवतो आणि कधी कधी पॉलिफिलची नवी गरज निर्माण करून ठेवतो.

बेबेल ७ च्या प्रीसेट-एन्व्हमध्ये (टार्गेट ब्राउझरांनुसार काय उतरवायचं ते ठरवणारा संच) पॉलिफिल जोडणारा ‘यूजबिल्टइन्स’ हा पर्याय मुळात बंद असतो. वरच्या कोऱ्या पानाचं एक नेहमीचं कारण हेच. ‘यूसेज’ ठेवला तर प्रत्येक फाइलमध्ये जे वापरलंय त्यापुरतीच कोअर-जेएस या पॉलिफिल-संग्रहातली पॉलिफिल जोडली जातात. ‘एंट्री’ ठेवला तर सुरुवातीला लिहिलेल्या एका कोअर-जेएस इम्पोर्टच्या जागी टार्गेट ब्राउझरांना लागणारी सगळी यादी येते. सोबत कोअर-जेएसची आवृत्ती पूर्ण द्या. नुसतं ‘३’ लिहिलं तर बेबेल ते ३.० धरतं आणि नंतर आलेल्या मेथड सुटतात. जुन्या लेखांमध्ये दिसणारं बेबेल-पॉलिफिल पॅकेज ७.४ पासून बाद झालं आहे, ते नव्याने घालू नका.

‘यूसेज’ची मर्यादा अशी की बेबेल ज्या फाइल वाचतं तेवढ्यांचाच विचार होतो. नोड-मॉड्यूल्स (बाहेरून आणलेल्या लायब्ररींचा फोल्डर) वगळायची सवय सार्वत्रिक आहे, आणि नेमकी एखादी लायब्ररी ‘??’ (डावीकडे नल किंवा अनडिफाइन्ड असेल तर उजवीकडची किंमत देणारं नवं चिन्ह) किंवा ‘अ‍ॅट’ घेऊन तिथूनच आत येते. अशी पॅकेजेस नाव घेऊन बेबेलच्या कक्षेत आणा. सरसकट सगळी आणायची असतील तर कोअर-जेएस तेवढं बाहेर ठेवा; पॉलिफिलच्या कोडमध्येच पॉलिफिल घुसली की ते मोडतं.

टाइपस्क्रिप्टमधली गफलत आणखी फसवी आहे. सेटिंगमधला ‘टार्गेट’ हा पर्याय सिंटॅक्स खाली उतरवतो. ‘लिब’ मात्र फक्त टाइप तपासणाऱ्याला सांगतो की अमुक गोष्टी उपलब्ध आहेत असं धर. ‘लिब’मध्ये नवी आवृत्ती लिहिली की एडिटरमधली लाल रेघ जाते, ब्राउझरमध्ये काहीच येत नाही. एसबिल्ड हे बिल्ड टूलही पॉलिफिल घालत नाही. व्हीट या बिल्ड टूलमध्ये ती हवी असतील तर लेगसी प्लगइन लागतं. आणि कोअर-जेएसमध्ये फेच (नेटवर्कवरून डेटा मागवणारं फंक्शन) नाही, ते वेगळं आणावं लागतं.

काही गोष्टींना दोन्ही उपाय लागू पडत नाहीत. रेग्युलर एक्सप्रेशनमधलं लुकबिहाइंड (मागे काय आलंय ते पाहून जुळवणारी रचना) सफारीत १६.४ ला आलं, आणि बेबेल ते उतरवत नाही. थेट दोन तिरक्या रेघांत लिहिलं तर जुन्या सफारीत सगळी फाइल जाते. स्ट्रिंग देऊन रेगएक्सपी कन्स्ट्रक्टरने बनवलं तर एरर चालताना येते, म्हणजे ट्राय-कॅचमध्ये पकडता येते. त्यापेक्षा लुकबिहाइंडशिवाय पॅटर्न लिहिणं बरं. प्रॉक्सीचंही (ऑब्जेक्टवरच्या क्रिया मध्येच अडवणारी सोय) पूर्ण पॉलिफिल होत नाही.

पॉलिफिल सगळ्यात आधी चालायला हवं. एन्ट्री फाइलच्या पहिल्या ओळीत पॉलिफिलचा कोड लिहून खाली इम्पोर्ट ठेवले तर क्रम उलटतो, कारण मॉड्यूलमधले इम्पोर्ट आधी चालतात. पॉलिफिल वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि तिचा इम्पोर्ट पहिला करा. स्वतः लिहिताना मेथड आधीच आहे का ते तपासा, आणि प्रोटोटाइपला थेट असाइन न करता डिफाइनप्रॉपर्टी वापरा. नाहीतर ‘फॉर-इन’ चालवणाऱ्या प्रत्येक लूपमध्ये ती मेथड डोकावते. बाहेरच्या डोमेनवरून पॉलिफिल ओढणं टाळाच : पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन २०२४ मध्ये दुसऱ्यांच्या हाती गेलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये तिथून घातक कोड वाटला जात असल्याचं उघड झालं.

जास्त ट्रान्सपाइल करणंही निरुपद्रवी नाही. एचटीएमएलएलिमेंटपासून केलेला क्लास इएस५ (जावास्क्रिप्टची जुनी आवृत्ती) मध्ये उतरवून कस्टम एलिमेंट म्हणून नोंदवला, तर नव्या ब्राउझरमध्ये ‘न्यू’ वापरा असं सांगणारी टाइपएरर येऊ शकते. नेटिव्ह कन्स्ट्रक्टर साध्या फंक्शनसारखा बोलावलेला चालत नाही.

तपासणीही दोघांची वेगळी. पॉलिफिलची चाचणी नव्या ब्राउझरवरही होते : बाकी स्क्रिप्टच्या आधी एका ओळीत अ‍ॅरेच्या प्रोटोटाइपवरून ‘अ‍ॅट’ डिलीट करा आणि पान चालतं का बघा. सिंटॅक्स असा काढून टाकता येत नाही. त्यासाठी तयार बंडल इएस-चेकसारख्या टूलला द्या आणि अपेक्षित इएस आवृत्ती सांगा. तिच्यात न बसणारी फाइल ते दाखवतं. तपासणी सोर्सवर नव्हे, बिल्डनंतरच्या फाइलवर करा, कारण वगळलेल्या लायब्ररीतला ‘??’ तिथेच सापडतो.