एका कॉम्प्युटरवर दोन-तीन क्लाउड अकाउंट वापरणाऱ्या ग्राहकांसाठी

“भाऊ, मना सगळा डाटा उडी गया” म्हणत आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मशीन घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं काहीच उडालेलं नसतं. फाइल कुठेतरी असतेच. ती आता कुठल्या अकाउंटच्या ताब्यात आहे, एवढंच ठाऊक नसतं. ते शोधण्यात आमचा अर्धा दिवस जातो आणि सावदा-रावेरहून किंवा चोपड्याहून आलेल्या माणसाला दुसरी चक्कर पडते. म्हणून हा कागद छापला. क्लाउड म्हणजे नेटवर फाइली ठेवायची जागा. लॉगिन, अपलोड, डाउनलोड तुम्हाला येतं असं धरून लिहिलंय.

कोणतं किती चालतं

एकाच कॉम्प्युटरवर दोन जीमेलचे ड्राइव्ह चालतात का, हा रोजचा प्रश्न. चालतात. गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप प्रोग्राममध्ये एका वेळी चार अकाउंट जोडता येतात. त्यासाठी प्रोग्राम दुसऱ्यांदा टाकायची गरज नाही. खाली घड्याळाजवळ ड्राइव्हचं तिकोनी चिन्ह असतं, ते उघडून आपल्या अकाउंटच्या गोल चित्रावर क्लिक केलं की दुसरं अकाउंट जोडता येतं.

मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये घरगुती अकाउंट एकच चालतं. त्याच्या जोडीला ऑफिसची किंवा कॉलेजची अकाउंट ठेवता येतात. ड्रॉपबॉक्समध्ये एक घरगुती आणि एक कंपनीच्या टीमचं, इतकंच. घरातल्या दोघांची वेगवेगळी वनड्राइव्ह असतील तर विंडोजमध्ये दोन युजर करा. नाहीतर दुसरं अकाउंट नुसतं ब्राउझरमध्ये उघडा. महिन्यातून दोनदा लागणाऱ्या अकाउंटसाठी आम्ही ब्राउझरच सुचवतो, मशीन हलकं राहतं.

फुकटची जागा गूगलकडे १५ जीबी, वनड्राइव्हकडे ५ आणि ड्रॉपबॉक्सकडे २. गूगलची १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे, आणि १ जून २०२१ पासून फोनमधून चढणारे नवे फोटोही तीतच मोजले जातात. लग्नसराईत फोटो भरले की दुकानाच्या जीमेलवर मेल येणं बंद होतं ते यामुळे. जागेसाठी पाच-पाच जीमेल उघडून ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की दोन वर्षं वापर नसलेलं अकाउंट गूगल आतल्या सगळ्यासकट काढून टाकू शकतं.

सगळा घोळ इथे होतो

विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून बरेच ग्राहक ११ वर आले आहेत. नवं मशीन सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागितलं जातं. आपण नेक्स्ट, नेक्स्ट करत पुढे जातो आणि तेवढ्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर वनड्राइव्हच्या ताब्यात जातात. दिसायला सगळं पूर्वीसारखंच दिसतं. पण डेस्कटॉपवरच्या एखाद्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये पत्ता बघा. सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव आणि त्यानंतर ‘वनड्राइव्ह’ असं आलं, तर तुमचा डेस्कटॉप वनड्राइव्हच्या पोटात आहे.

इथवर काही बिघडत नाही. बिघडतं ते यानंतर गूगल ड्राइव्ह टाकून त्यालाही ‘डेस्कटॉपचा बॅकअप घे’ असं सांगितल्यावर, किंवा ड्रॉपबॉक्सचा फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये केल्यावर. दोन ठिकाणी असलं तर जास्त सुरक्षित, असा त्यामागचा हिशोब. पण एका म्यानात दोन तलवारी बसवल्यासारखं होतं ते.

काय होतं ते एका फाइलवर सांगतो. समजा डेस्कटॉपवर केळीच्या भरतीचं मार्चचं एक्सेल आहे. तुम्ही ते सेव्ह केलं की वनड्राइव्ह वर चढवायला घेतो आणि त्याच क्षणी गूगलही घेतो. शेजारी फोटो आणि पीडीएफ असतातच, त्यामुळे वनड्राइव्हचे ५ जीबी लगेच भरतात आणि लाल खूण येते. सी ड्राइव्हही भरत आलेला असतो, म्हणून तुम्ही राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ म्हणता. वनड्राइव्ह आधीच वर चढलेल्या फाइली कॉम्प्युटरवरून काढतो, नुसती नावं ठेवतो आणि नावापुढे निळा ढग दाखवतो. गूगलला मात्र बॅकअपसाठी ती फाइल वाचायची असते. तो वाचायला गेला की विंडोज ती पुन्हा खाली ओढतं. जागा परत भरते, नेटचा डेटा जळतो आणि पंखा गरगरत राहतो. मशीन स्लो झालं, रॅम वाढवून द्या, असं म्हणत येणाऱ्या काहींच्या मशीनमध्ये हेच निघतं. रॅम विकून आम्हाला चार पैसे मिळाले असते, पण त्याने हा आजार जात नाही.

त्यात तेच एक्सेल दुकानात आणि घरी दोन्हीकडे उघडं असेल तर एकाच्या तीन फाइली होतात. वनड्राइव्ह नावाच्या शेवटी कॉम्प्युटरचं नाव चिकटवतो, ड्रॉपबॉक्स ‘कन्फ्लिक्टेड कॉपी’ लिहितो. यातली खरी कुठली हे आम्हाला कळत नाही. ते तुम्हालाच आकडे बघून सांगावं लागतं, आणि सर्वांत जास्त वेळ याच कामात जातो.

शेवटी वैतागून लोक वनड्राइव्ह काढून टाकतात. डेस्कटॉप कोरा दिसतो, कारण फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या डेस्कटॉपमध्ये राहिलेल्या असतात. त्या सापडल्या की ‘या डुप्लिकेट दिसतात’ म्हणून तो फोल्डरच डिलीट केला जातो. गूगल त्याच फोल्डरवर नजर ठेवून असतो. मालकाने पुसलं असं समजून तो आपल्याकडची प्रतही कचऱ्यात टाकतो. गूगल ड्राइव्हचा कचरा ३० दिवसांत आपोआप रिकामा होतो. घरगुती वनड्राइव्हचेही ३० दिवस, ऑफिसच्या वनड्राइव्हचे साधारण ९३. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे असतात, हे तुमचे सीए सांगतीलच.

तेव्हा नियम एकच: एका फोल्डरला एकच मालक. डी ड्राइव्हवर ‘घर-गूगल’, ‘दुकान-गूगल’, ‘ड्रॉपबॉक्स’ असे वेगळे फोल्डर करा आणि प्रत्येक प्रोग्रामला फक्त त्याचा फोल्डर द्या. एकाच्या आत दुसरा ठेवू नका. वनड्राइव्हने घेतलेला डेस्कटॉप सोडवायचा असेल तर क्रम पाळा. आधी फाइलींवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करा आणि भरीव हिरवी खूण येईपर्यंत थांबा. नुसती पोकळ हिरवी खूण असलेली फाइल विंडोज पुढे कधीतरी परत ढगात पाठवू शकतं. मग वनड्राइव्हच्या सेटिंगमधून ‘मॅनेज बॅकअप’ उघडा, तीनही फोल्डर बंद करा आणि फाइली हलवा. प्रोग्राम काढायचाच असेल तर सगळ्यात शेवटी काढा.

एका अकाउंटमधून दुसऱ्यात नेताना

माउसने ओढून फाइल नेली तर विंडोज दोन प्रकारे वागतं. एकाच ड्राइव्हवरच्या दोन फोल्डरांमध्ये ओढली तर ती हलते, म्हणजे पहिल्या जागी राहत नाही. वेगळ्या अक्षराच्या ड्राइव्हवर ओढली तर तिची प्रत होते. वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्स दोन्ही सी वर असतील तर ओढलेली फाइल पहिल्या अकाउंटमधून जाते, आणि ते अकाउंट वापरणाऱ्या भावाच्या मशीनवरूनही जाते. गूगल ड्राइव्ह ‘स्ट्रीम’ पद्धतीने, म्हणजे फाइली गूगलकडेच ठेवून लागतील तेव्हा खाली ओढणाऱ्या पद्धतीने, चालवला तर प्रत्येक अकाउंट जी, एच असं वेगळं अक्षर घेतं, तिथे उलट प्रती वाढत जातात. म्हणून ओढूच नका. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही करा, दुसऱ्या अकाउंटमध्ये फाइल उघडून बघा आणि मगच पहिली पुसा. अक्षरं पेनड्राइव्ह लावल्यावर मागेपुढे होतात म्हणून आम्ही ती सेटिंगमधून पक्की करून देतो.

गूगल शीट आणि गूगल डॉकची गोष्ट वेगळी. ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये त्या फाइलीसारख्या दिसतात खऱ्या, पण साइज बघा, जेमतेम १ केबी. ती नुसती वाट दाखवणारी पाटी आहे, मजकूर गूगलकडेच असतो. शाळेचा सगळा निकाल पेनड्राइव्हवर घेतला म्हणून निश्चिंत झालेल्या गुरुजींच्या हाती अशा वीस-पंचवीस पाट्याच राहतात. शीट न्यायची असेल तर ती ब्राउझरमध्ये उघडा आणि फाइल मेनूतून एक्सेल म्हणून डाउनलोड करा.

ब्राउझरमध्ये लिंक उघडली की ‘अ‍ॅक्सेस मागा’ असं येतं, त्यासाठी आम्हाला फोन करायची गरज नाही. एकाच खिडकीत तीन जीमेल उघडी असली की गूगल बहुधा पहिल्या लॉगिनचं अकाउंट धरतो. क्रोममध्ये प्रत्येक अकाउंटसाठी वेगळी प्रोफाइल करा, तिला वेगळा रंग द्या, काम संपलं.

टॅलीवाल्यांसाठी

टॅली या हिशोबाच्या प्रोग्रामचा चालू डेटा कुठल्याही क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. तुम्ही एंट्री मारत असता तेव्हा टॅली एकाच वेळी बऱ्याच फाइलींत लिहीत असतं. त्यातली अर्धी जुनी आणि अर्धी नवी वर चढली, आणि तीच दुसऱ्या मशीनवर उतरली, की टॅलीतली तुमची कंपनी उघडत नाही. वायफाय अधूनमधून जात असेल तर हे आणखी लवकर होतं. डेटा डी ड्राइव्हवर साध्या फोल्डरमध्ये ठेवा. संध्याकाळी ऑल्ट-वाय दाबून टॅलीचाच बॅकअप घ्या, टॅली बंद करा, आणि ती बॅकअपची फाइल ‘दुकान-गूगल’मध्ये टाका. आउटलुकचे मेल साठवणाऱ्या पीएसटी फाइललाही हेच लागू.

शिवाय एक प्रत हार्ड डिस्कवर असू द्या. क्लाउडचा प्रोग्राम तुम्ही पुसलेलंही इमानेइतबारे सगळीकडे पुसतो, बाहेर काढून कपाटात ठेवलेली डिस्क पुसत नाही. डिस्क आमच्याकडूनच घ्या असं काही नाही, जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये चार दुकानं फिरून घ्या. फक्त मेमध्ये ती गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून आणू नका, जळगाव-भुसावळचं ऊन सगळ्यांनाच माहीत आहे.

आमच्या पद्धतीबद्दल दोन शब्द

‘दुसरीकडे तासाभरात फॉरमॅट करून देतात, तुम्ही एक दिवस ठेवून का घेता?’ असं विचारलं जातं. फॉरमॅट तासाभराचंच काम आहे. उरलेला वेळ कुठल्या फोल्डरचा मालक कोण आणि निळ्या ढगाच्या फाइली खरंच वर आहेत का, हे बघण्यात जातो. त्याची यादी छापून आम्ही तुमच्यापुढे ठेवतो, तुम्ही सही केल्यावरच मशीन पुसतो. या तपासणीचे पैसे वेगळे लागतात, दर काउंटरवर लावला आहे. वर्षाच्या मेंटेनन्समध्ये असलेल्या ग्राहकांना ही तपासणी त्यातच येते.

आम्ही पासवर्ड लिहून घेत नाही, ‘तुम्हीच टाका ना भाऊ’ म्हटलं तरी. लॉगिन तुम्ही स्वतः करायचं. यावर काहींना राग येतो, पण दुकानात चार पोरं काम करतात, वहीत पासवर्ड ठेवणं तुमच्याही हिताचं नाही. सगळी अकाउंट एकाच खिडकीत दाखवणारे क्रॅक केलेले प्रोग्रामही आम्ही टाकून देत नाही. त्यांना तुमच्या सगळ्या चाव्या द्याव्या लागतात.

जुन्या ऑपरेटरच्या नंबरवर दुकानाचं जीमेल काढलेलं असेल तर तो सोडून जाण्याआधी रिकव्हरी नंबर बदलून घ्या. नंतर आमच्या हातात काही राहत नाही.

येताना

लॅपटॉपचा चार्जर आणा. ज्या फोनवर ओटीपी येतो तो फोन आणा, आणि तो पुण्याला मुलाकडे असेल तर त्याला आधी कळवून ठेवा, नाहीतर तो मीटिंगमध्ये असतो आणि आपण काउंटरवर बसून राहतो. कुठली अकाउंट चालू आहेत ते कागदावर लिहून आणा, ई-मेल पुरे, पासवर्ड नको. डेस्कटॉप कोरा दिसत असेल तर येईपर्यंत काहीही डिलीट करू नका आणि कचऱ्याचा डबाही रिकामा करू नका. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधीचे दोन दिवस जीएसटी रिटर्नवाल्यांची गर्दी असते. सेटिंगचं काम असेल तर त्या तारखा सोडून सकाळी लवकर या.