अमेरिकी ग्राहक, लवादाचे कलम आणि बंद झालेला न्यायालयाचा दरवाजा

फ्लोरिडातल्या डिस्ने स्प्रिंग्ज संकुलात एका उपाहारगृहात जेवल्यानंतर २०२३ मध्ये एका महिलेचा ॲलर्जीने मृत्यू झाला. पतीने दावा लावला, तेव्हा डिस्नेच्या वकिलांनी वेगळाच मुद्दा काढला. या गृहस्थांनी २०१९ मध्ये डिस्ने प्लस ही चित्रपट-मालिकांची ऑनलाइन सेवा चाचणीपुरती सुरू करताना ज्या अटी मान्य केल्या, त्यांत वाद लवादाकडे, म्हणजे न्यायालयाऐवजी खासगी निवाड्याकडे, नेण्याचे कलम होते. तेव्हा न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. लोक संतापले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने ही मागणी सोडून दिली. पण असा युक्तिवाद कायद्याच्या आधाराने करता येतो, इथवर अमेरिका कशी आली?

सुरुवात १९२५ च्या फेडरल आर्बिट्रेशन ॲक्टपासून होते. त्या काळी न्यायालये लवादाचे करार फारसे मानत नसत. एका व्यापाऱ्याने दुसऱ्याशी ‘वाद झाला तर लवाद नेमू’ असे ठरवले आणि ऐन वेळी एकाने माघार घेतली, तर त्याला कोणी अडवत नसे. न्यूयॉर्कच्या व्यापारी मंडळींनी हा कायदा नेटाने पाठपुरावा करून करून घेतला. मागणी रास्त होती: दोन्ही बाजू धंद्यातल्या, दोघांनाही कराराची भाषा कळते, मग दिलेला शब्द पाळायला लावा. खलाशी, रेल्वे कर्मचारी आणि तत्सम कामगारांचे करार कायद्याने स्वतःच वगळले होते. टेलिफोनचा ग्राहक किंवा बँकेचा खातेदार यांचा त्या चर्चेत विषयच नव्हता.

बरीच वर्षे न्यायालयांनीही ही मर्यादा सांभाळली. १९५३ च्या विल्को खटल्यात शेअर दलालाने गुंतवणूकदारावर घातलेली लवादाची अट सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. वारे फिरले ते ऐंशीच्या दशकात. १९८४ मध्ये साउथलँड खटल्यात, सेव्हन-इलेव्हन दुकानांच्या वादात, न्यायालयाने ठरवले की १९२५ चा कायदा राज्यांच्या न्यायालयांवरही बंधनकारक आहे आणि राज्याचा संरक्षक कायदा त्यापुढे टिकत नाही. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी विरोधी मत लिहिले: संसदेने हा कायदा केवळ संघीय न्यायालयांच्या कार्यपद्धतीसाठी केला होता. इतिहासाचे त्यांचे वाचन मला अधिक खरे वाटते. पण त्या अल्पमतात होत्या. १९८९ मध्ये विल्कोचा निकालही रद्द झाला.

मग कंपन्या सरसावल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस क्रेडिट कार्डाच्या मासिक बिलासोबत बारीक अक्षरांतले पत्रक येऊ लागले: यापुढे वाद लवादाकडे जातील, कार्ड वापरत राहिलात म्हणजे तुमची संमती धरली जाईल. हे पत्रक कोण वाचणार? शिवाय लवाद चालवणाऱ्या संस्थेला काम वारंवार मिळते ते कंपनीकडून. ग्राहक आयुष्यात एखाद्या वेळी येतो. नॅशनल आर्बिट्रेशन फोरम ही संस्था कर्जवसुलीची असंख्य प्रकरणे हाताळत असे. वसुली उद्योगाशी असलेले संबंध लपवल्याचा आरोप ठेवून मिनेसोटाच्या ॲटर्नी जनरलनी २००९ मध्ये तिच्यावर खटला भरला, आणि काही दिवसांतच तिने ग्राहकांची नवी प्रकरणे घेणे थांबवले.

तरीही लवादाची पद्धत मुळात वाईट नाही. ग्राहकाचे खरे नुकसान त्या कलमाच्या शेजारच्या वाक्यात असते: दावा एकट्यानेच करायचा, इतरांसोबत नाही. ‘मोफत’ म्हणून दिलेल्या फोनवर एटी अँड टीने विक्रीकर लावला, रक्कम ३०.२२ डॉलर. एवढ्यासाठी कोण वकील करेल? हजारो ग्राहक एकत्र आले, तरच कंपनी दखल घेते. सामूहिक दाव्याला मनाई करणारे असे कलम अन्यायकारक आहे, अशी कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांची भूमिका होती. २०११ मध्ये याच एटी अँड टीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती मोडून काढली. निकाल न्यायमूर्ती स्कॅलिया यांचा. दोन वर्षांनी अमेरिकन एक्सप्रेसच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले: एकट्याने दावा सिद्ध करण्याचा खर्च मिळणाऱ्या भरपाईपेक्षा जास्त असला तरी कलम लागूच.

या कलमाचे वजन धंद्यातल्यांना नीट ठाऊक असते. मोटार विक्रेत्यांनी २००२ मध्ये संसदेकडून कायदा करून घेतला, की वाहन उत्पादकांनी आपल्यावर लवादाची सक्ती करू नये. त्यांच्याकडून गाडी घेणाऱ्या ग्राहकाला मात्र ही सूट मिळाली नाही.

२००८ च्या आर्थिक संकटानंतर डॉड-फ्रँक कायद्याने ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोला या विषयाचा अभ्यास करायला सांगितले. २०१५ च्या अहवालात दिसले, की पाहणीतल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक क्रेडिट कार्डधारकांना आपल्या करारात लवादाचे कलम आहे की नाही हेच माहीत नव्हते. जुलै २०१७ मध्ये ब्युरोने नियम आणला: लवाद ठेवा, पण सामूहिक दाव्याची वाट अडवू नका. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिनेटमध्ये मते ५०-५० अशी पडली, उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी निर्णायक मत दिले आणि कंपन्यांना तो पाळणे बंधनकारक होण्यापूर्वीच नियम बाद झाला.

मग ग्राहकांच्या वकिलांनी कलमाचा अर्थ शब्दशः घेतला. एकेकट्यानेच यायचे ना, मग हजारो जण एकेकटे येतील! प्रत्येक प्रकरणाचे शुल्क बहुतांशी कंपनीला भरावे लागते. ॲलेक्सा या आवाजी सहायकाच्या ध्वनिमुद्रणांवरून लवादाच्या सुमारे ७५,००० मागण्या दाखल झाल्यावर ॲमेझॉनने २०२१ मध्ये आपल्या अटींतून लवादाचे कलमच काढून टाकले. इतर कंपन्यांनी दुसरी वाट धरली: प्रकरणे गटागटाने, ठरावीक क्रमाने चालतील अशा नव्या अटी. तिकीट विकणाऱ्या लाइव्ह नेशनच्या अशा नियमांना पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या संघीय अपील न्यायालयाने (नववे सर्किट) ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्यायकारक ठरवले.

संसदेत आतापर्यंत हाती लागले ते थोडेच. लैंगिक अत्याचार आणि छळाच्या तक्रारींत लवादाची सक्ती करता येणार नाही, असा कायदा मार्च २०२२ मध्ये झाला. ग्राहक आणि कामगार दोघांनाही सक्तीतून सोडवणारे ‘फेअर ॲक्ट’ विधेयक प्रतिनिधीगृहाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये मंजूर केले. दोन्ही वेळा सिनेटमध्ये ते अडले.