पर्यावरणपूरक सहल (गोवा)

गोव्याची जमीन, पाणी आणि जीवसृष्टी यांवर कमीत कमी भार पडावा आणि खर्च केलेला पैसा शक्यतो गावातच राहावा, अशा बेताने आखलेली सहल. राज्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौ. किमी. आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साधारण १४.५८ लाख असून दरवर्षी येणारे पर्यटक तिच्या कितीतरी पट असतात. त्यातही नाताळ ते नववर्ष या दिवसांत कळंगुट–बागा पट्ट्यावर पाणी, सांडपाणी आणि कचऱ्याचा सर्वाधिक ताण येतो. त्यामुळे केव्हा जायचे आणि कुठे उतरायचे, या घरी बसून घेतलेल्या दोन निर्णयांनीच सहलीचे बरेवाईट बहुतांशी ठरते.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कोकण रेल्वे सोयीची. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या या मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये संपले. पेडणे, थिवी, करमळी, मडगाव, काणकोण यांपैकी मुक्कामाला जवळचे स्थानक निवडावे. पुढे कदंबच्या (राज्य परिवहनाच्या) बसगाड्या, भाड्याने मागे बसवून नेणारे दुचाकीवाले ‘पायलट’ आणि फेरीबोटी आहेत. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत पायी प्रवाशांना तिकीट पडत नाही. पलीकडे खारफुटीतले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. ते भरतीची वेळ विचारून होडीने पाहावे.

किनारा निवडताना सर्वांत जास्त काळजी कासवांसाठी घ्यावी लागते. उत्तरेत मोरजी व मांद्रे, दक्षिणेत आगोंद व गालजीबाग येथे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले माद्या रात्री वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात. पिल्ले दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडतात आणि पाण्यावरच्या उजेडाच्या रोखाने समुद्राकडे धावतात. मागे हॉटेलाचे दिवे झगझगत असतील तर ती उलट फिरतात, आणि मग कुत्री, कावळे किंवा सकाळचे ऊन त्यांचा घास घेते. म्हणून या गावांत राहायचे तर किनाऱ्याकडचे दिवे रात्री बंद ठेवणारे घर निवडावे, मोबाइलची बॅटरी वाळूवर पेटवू नये आणि वनखात्याने कुंपण घातलेल्या घरट्याजवळ गर्दी करू नये. अंधाराची ही एवढीशी शिस्त कोणत्याही ‘इको’ पाटीपेक्षा मोलाची आहे.

आतल्या तालुक्यांत जाणाऱ्यांनी कुळागर जरूर पाहावे. सुपारी, नारळ, केळी, मिरी एकाच बागेत आणि त्यांना ओहोळातून आणलेले पाटाचे पाणी, अशी ही जुनी रचना फोंडा परिसरात आजही जिवंत आहे. नदीकाठच्या खाजन शेतीत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीत, बांधाला ‘मानस’ म्हणजे पाण्याची झडप असते. भरतीच्या दाबाने तिची लाकडी दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, त्यामुळे खारे पाणी भातात शिरत नाही. बांधावरून चालताना ही दारे थांबून बघावीत, मात्र शेतात वाहन नेऊ नये.

जेवणाचा बेतही हंगाम पाहून करावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, कारण हा अनेक माशांच्या विणीचा काळ आहे. तेव्हा खाणावळीत ताज्या सुरमईचा हट्ट धरण्यापेक्षा गावातल्यासारखी सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, भाजलेला खारा बांगडा आणि टाकळ्याची भाजी मागावी.